दोघांचा रकाना

१८ ऑक्टोबर

ती. वन्सं यांना नमस्कार.

आधी तब्येतीचं विचारते, नाहीतर तुम्ही म्हणाल कामापुरती आठवण काढली. गुडघे कसे आहेत? उन्हाळ्यातल्या पत्रात तुम्ही लिहिलं होतं, की जिना उतरताना कठडा धरावा लागतो. त्यानंतर तुमचं काही आलं नाही आणि मीही लिहिलं नाही. दोष अर्धा-अर्धा वाटून घेऊ.

फोन का केला नाही असं विचाराल. फोनवर मी भांडते आणि कागदावर विचार करते, हे तुम्हाला माहीत आहे. हे म्हणायचे, "तुला काही महत्त्वाचं बोलायचं असेल तर चिठ्ठी लिही, मी शेजारच्या खोलीत बसून वाचतो." थट्टेने म्हणायचे, पण दोन-तीनदा मी खरंच लिहिली होती. आणि त्यांनी खरंच शेजारच्या खोलीत बसून वाचली होती.

इकडे ठीक आहे. ड्रायक्लीनिंगच्या दुकानाचं काम पुन्हा घरी आणायला लागले. थंडी तोंडावर आली आहे, लोकांना गेल्या वर्षीचे कोट होत नाहीत. कोट आटला असं सगळे सांगतात. पोट वाढलं असं आजवर एकानेही कबूल केलेलं नाही. मी मुकाट्याने शिवण उसवते आणि आत दाबून ठेवलेलं कापड सोडते. जेवते वेळेवर. वाचनालयातही जाते. घरात एक खुर्ची जास्त झाली आहे, ती कुठे ठेवावी ते अजून ठरत नाही, म्हणून जिथे होती तिथेच आहे.

लिहायला बसले ते वेगळ्याच गोष्टीसाठी. परवा भाचेबुवा येऊन गेले. म्हणजे तुमचा मुलगा म्हणून नव्हे, करसल्लागार म्हणून. काखेत बॅग, कपाळावर घाम. "मामी, चहा नको, वेळ नाही," असं दारातूनच म्हणाला. चहा नको म्हणणाऱ्या पाहुण्याला काहीतरी लवकर उरकायचं असतं, असा माझा अनुभव आहे.

त्याने सांगितलं ते मला कळलं तसं लिहिते. यांच्या निवृत्तीची पुंजी ज्या जुन्या खात्यात आहे, तिच्यावर कर अजून भरलेलाच नाही. पंपघरातल्या नोकरीत पगारातून कापून गेली तेव्हा सरकारने सोडून दिलं, काढाल तेव्हा बघू म्हणून. नवं खातं याच्या उलटं. त्यात टाकताना कर आत्ताच भरायचा, पण मग पुढे जे वाढेल त्याला कर नाही आणि काढाल त्यालाही नाही. आमच्या दुकानाच्या भाषेत, जुनं खातं म्हणजे शिलाई बाकी ठेवून नेलेला कोट आणि नवं म्हणजे आधी पैसे मोजून नेलेला. हे असतानाच त्यांनी तीन भाग जुन्यातून नव्यात हलवले म्हणे, दर वर्षी एक. चौथा राहिला. तो हे वर्ष संपायच्या आत, म्हणजे डिसेंबरअखेर, हलवायचा आणि त्याच्यावरचा कर मी माझ्या साध्या बचत खात्यातून भरायचा.

"वर्ष उलटलं तर?" मी विचारलं.

"उलटू द्यायचं नाही, मामी."

"पण उलटलंच तर?"

"महाग पडेल."

"कुणाला?"

तो हसला. मी हसले नाही.

मग त्याने कागद पुढे केला आणि त्यावर पेनही ठेवलं. कागदाबरोबर जो पेनसुद्धा स्वतःचंच देतो, त्याच्यापुढे मी सही करत नाही. चष्मा सापडत नाही असं सांगितलं. चष्मा माझ्या डोक्यावर होता. त्यालाही दिसत होता. कागद टेबलावर ठेवून गेला.

वन्सं, ते तीन भाग हलवल्याचं मला ठाऊक नव्हतं. पैसा त्यांचा प्रांत आणि पुस्तकं माझा, अशी आमची वाटणी होती. कराचे कागद दर वर्षी दोघांच्या सहीने जायचे. हे पुढे करत, मी सही करत असे. औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षरसुद्धा सोडत नाही मी, पण नवऱ्याने पुढे केलेला कागद कधी वाचला नाही. त्याची गरज आहे असं वाटलं नाही. आता वाटतं आहे.

तुम्हाला एवढंच विचारते. भाचेबुवांचं काम नीट चाललं आहे ना? काही अडचणीत नाही ना तो? फी घेणार नाही म्हणतो. फुकट काम करणारा माणूस मला आजवर महागच पडला आहे.

हे पत्र तुमच्यापाशीच ठेवा.

तुमची भावजय


६ नोव्हेंबर

ती. वन्सं,

तुमचं कार्ड मिळालं. नमस्कार धरून चार ओळी. "तो सांगतो तसं कर. माझा मुलगा आहे म्हणून सांगत नाही. पुस्तकं वाचून वाचून तुला सगळीकडे चोर दिसायला लागलेत."

चोर दिसत नाहीत हो. शिवणी दिसतात. वरून कोट कितीही झकास असो, मी आधी आतून उलटा करून बघते. इतक्या वर्षांची सवय आता कुठे टाकू?

तर पुस्तकं वाचून बिघडलेच आहे म्हणून आणखी एक वाचलं. वाचनालयात जाऊन कराच्या नियमांची पुस्तिका मागितली. तिथली बाई म्हणाली, "काय हो, कादंबऱ्या संपल्या वाटतं?" मी म्हटलं, "कादंबरीच आहे ही. खून कुणी केला ते शेवटच्या पानावर असेल." ती हसली आणि मला खिडकीजवळची चांगली जागा दिली. पुस्तिका घरी नेऊ देत नाहीत, म्हणून तिथेच बसून पेन्सिलीने उतरवून घेतलं. माझी शाळा चौथीपर्यंतची. बाकीचं वाचन मी लोकांच्या खिशांतून शिकले. दुरुस्तीला आलेल्या कोटांत तिकिटं, पावत्या, चिठ्ठ्या राहिलेल्या असायच्या, त्या परत करण्याआधी अक्षर अक्षर लावून वाचायची. तेव्हा कराची भाषा मला फार अवघड गेली नाही. खिशातल्या प्रेमपत्रांपेक्षा सोपी आहे.

त्यात तक्ता होता. इतक्या उत्पन्नावर इतका कर. मी हिशेब केला. भाचेबुवांच्या कागदावरच्या आकड्याशी जुळेना. पुन्हा केला. माझा आकडा त्याच्या जवळजवळ दीडपट. म्हणजे खरा कर तो माझ्यापासून लपवतो आहे. आत्ता लहान आकडा दाखवून सही घ्यायची आणि पुढच्या वर्षी मोठी मागणी माझ्या दारात येऊन पडली की म्हणायचं, मामी, नियम बदलले.

आणि का लपवतो, त्याचाही मी विचार केला. आम्हाला मूलबाळ नाही. माझ्यामागे हे सगळं कुणाकडे जाणार ते तुम्हाला माहीत आहे, मला आहे, आणि त्यालाही आहे. आज कर मी माझ्या पदरचा भरायचा, म्हणजे उद्या त्याच्या हाती पडेल ते बिनकराचं. सोय कुणाची झाली ही?

लिहिते आहे तर मनातलं सगळंच लिहिते.

गेली तीन वर्षं हे दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी तुमच्याकडे येत होते. "ताईची टाकी गळते." सुरुवातीला मी म्हटलं, बरं आहे, निवृत्त माणसाला काहीतरी उद्योग हवा. पण ही कसली टाकी, जिला दर महिन्याला पंपवाला लागतो? अर्ध्या शहराला पाणी चढवणारे पंप यांनी सांभाळले. पंपावर नुसता तळहात ठेवून सांगायचे, हे बेअरिंग महिनाभर काढील, हे आठवडाही काढणार नाही. अशा माणसाला तीन वर्षांत तुमच्या एका टाकीची गळती बुजवता आली नाही?

परत आले की दमलेले. जिन्यात दर मजल्यावर थांबायचे, बुटाची नाडी बांधायला. मला वाटायचं, माझी नजर चुकवतात. 'काय झालं टाकीचं?' विचारलं की, 'झालं थोडं.' यापलीकडे शब्द नाही.

त्याच तीन वर्षांत पुंजीचे तीन भाग हलले. त्याच तीन वर्षांत तुमच्या घरावर नवं छप्पर आलं. मी या गोष्टी नुसत्या शेजारी शेजारी ठेवते आहे, जोडत नाही. एका कोटाची कापडं आहेत की नाहीत ते तुम्हीच सांगा.

भावाने बहिणीला दिलं तर मी आडवी आले नसते. इतक्या वर्षांत तेवढी ओळख पटली असेल. माझ्यापासून लपवून का, एवढंच विचारते.

आणि हे गेले त्याच्या दुसऱ्याच दिवशी तुम्ही बॅग भरलीत. सख्खा भाऊ गेलेला, आणि तुम्ही म्हणालात, "घर उघडं टाकून आले आहे." मला तेव्हाच खटकलं. दुःख झालेलं माणूस थांबतं. पळतं ते दुसऱ्या कशाने तरी.

उत्तर लिहा. कार्ड नको, पाकिटातून.

भावजय


२७ नोव्हेंबर

ती. वन्सं यांना नमस्कार.

पाकीट आलं नाही. तरी लिहिते, कारण मागच्या पत्रात माझा एक हिशेब चुकला होता आणि तो तसाच ठेवून मला झोप लागायची नाही.

परवा भाचेबुवांच्या ऑफिसात गेले. न सांगता, मुद्दाम. सांगून गेलं की माणसं टेबल आवरून ठेवतात. तिसरा मजला, एक खोली, फायलींनी वाकलेलं कपाट, खिडकीत सुकत चाललेली कुंडी. मोठा थाट असेल असं धरून गेले होते. त्याच्या कोटाच्या बाहीची कड झिजून पांढरी पडली आहे, ते बसायच्या आधी दिसलं. मला बघून तो गडबडीने उठला आणि खुर्चीवरच्या फायली जमिनीवर ठेवल्या.

मी माझा हिशेब त्याच्यापुढे टाकला. "हा तुझा आकडा आणि हा माझा. आता कोण खोटं बोलतंय ते सांग."

त्याने सगळं नीट वाचलं. बोट फिरवत फिरवत खालपर्यंत आला.

"बेरीज बरोबर आहे, मामी. कुठेही चूक नाही."

"मग?"

"रकाना चुकला. तुम्ही एकट्या माणसाचा रकाना घेतलात."

"मी एकटीच आहे."

"आहात. पण..." त्याने चष्मा काढला आणि शर्टाला पुसला. "कराचा हिशेब जानेवारी ते डिसेंबर असं वर्ष धरून चालतो. मामा मार्चमध्ये गेले, तरी या वर्षाचा कर वर्षअखेरपर्यंत दोघांच्याच दराने. तो हा शेजारचा रकाना. पुढच्या वर्षापासून तुम्ही एकट्या माणसाच्या रकान्यात. पैसे तेवढेच, कर जास्त. शिवाय ठरावीक वय झालं की जुन्या खात्यातले पैसे काढावेच लागतात, हवे असोत नसोत, आणि तेव्हा तोच महागातला दर. म्हणून मी मागे लागलोय. मामी, या वर्षी तुम्ही अजून दोघं आहात."

वन्सं, मार्चपासून माझ्याकडे कितीतरी माणसं येऊन बसली, काय काय बोलून गेली. काळ औषध आहे, देवाची मर्जी, आता मन रमवा. हे वाक्य कुणी बोललं नव्हतं. ते करसल्लागाराच्या तोंडून यावं, तेही दर समजावताना! त्या कुंडीला पाणी घाल, एवढं म्हटलं. त्याने खरंच उठून घातलं.

छपराचंही विचारलं. कानापर्यंत लाल झाला. छप्पर त्याने कर्ज काढून घातलं आहे आणि अजून फेडतो आहे. पुरावे काढायला लागला, मी नको म्हटलं. झिजलेली बाही मला पुरली. तेव्हा छपराबद्दल लिहिलं ते मागे घेते आणि तुमची माफी मागते. पण माफी छपरापुरतीच आहे.

निघताना एक विचारलं. "तुझे मामा कायम म्हणायचे, चालता पंप उघडू नये. पैसा जिथे आहे तिथे पडू दे. मग तीन वर्षांपूर्वी एकाएकी का उघडला?"

"त्यांनीच ठरवलं, मामी. एका वर्षात सगळं हलवलं तर त्या वर्षाचं उत्पन्न फुगतं आणि दर चढतो. म्हणून चार भाग पाडले."

"आणि चौथा राहिला."

"राहिला. वाटलं होतं, चार वर्षं तरी मिळतील."

"कुणाला वाटलं होतं?"

तो टेबलावरचा स्टेपलर उचलून इकडचा तिकडे ठेवायला लागला. मग म्हणाला, "मामी, चहा मागवू?"

मी नको म्हटलं आणि जिना उतरले.

बाकी इकडे थंडी वाढली आहे. दुकानातून एक लांब कोट आला आहे, पुरुषाचा, अस्तर पूर्ण बदलायचं. जुळता रंग मिळत नाही. करड्यात तीन-चार करडे असतात आणि दुकानदाराला ते सगळे एकच वाटतात. काल उजेड होता तोवर तेच करत बसले. अर्धं अस्तर उसवून झालं. आतलं कापड अगदी नव्यासारखं आहे, वरचा रंग उडाला तरी. उरलेलं एक-दोन दिवसांत होईल.

आणखी एक लिहायचं होतं. ते आज लिहीत नाही.

तुमची भावजय


१४ डिसेंबर

वन्सं,

तीर्थरूप लिहायला विसरले असं समजू नका. एका कागदावर लिहिलं होतं. मग दुसरा कागद घेतला.

एकट्या माणसाला कर जास्त पडतो हे भाचेबुवांनी मला समजावलं. तोच हिशेब मी घरी येऊन उलट बाजूने उसवत गेले. ज्या नवरा-बायकोला वाटतं की आपण अजून पुष्कळ वर्षं बरोबर आहोत, ते कशाला दर वर्षी तुकडे पाडून पदरचा कर भरतील? दोघांच्या दरात उरकून घेऊ, ही घाई त्यालाच होते, ज्याला ठाऊक असतं की लवकरच एक उरणार. आणि दोघांतलं कोण उरणार, हेही ठाऊक असतं.

त्याच तीन वर्षांत यांनी मला फ्यूज बदलायला शिकवलं. पाण्याचा मुख्य कॉक कुठे आहे, तो कुठल्या बाजूला फिरवायचा, ते दाखवलं. मी म्हणायची, "तुम्ही आहात की." हे म्हणायचे, "मी ताईकडे गेलेला असलो तर?" मी चिडायची. म्हणायची, "मग ताईकडे जायचं कमी करा."

तुमची टाकी गळत नव्हती. तुमच्या घराच्या मागच्या रस्त्यावर हृदयाचं मोठं इस्पितळ आहे. मला ते आज कळलं असं नाही. तुमच्याकडे येताना बसमधून इतक्या वेळा पाहिलेली इमारत. तिचा आणि त्या शनिवारांचा संबंध असेल हे मनात आलं नाही. मी पैशाचा चोर शोधत बसले, म्हणून आजारी माणूस दिसला नाही. पुढे पुढे तर हे बिननाडीचे बूट घालूनही जिन्यात नाडी बांधायला थांबायचे. तरी मला दिसला नाही.

मागच्या आठवड्यात तुमचा मुलगा आला तेव्हा मी त्याला सरळ विचारलं.

"कुणाकुणाला माहीत होतं?"

"मला आणि आईला. मामांनी शपथ घातली होती."

"म्हणजे मला सोडून सगळ्यांना."

"सगळे कुठे, मामी? आम्ही दोघंच."

"आणि ते स्वतः. माझी माणसं मुळात किती होती रे?"

त्याने मान खाली घातली. मोठा माणूस आहे आता, केस पिकायला लागलेत, पण माझ्यासमोर खुर्चीत लहान होऊन बसला. मला त्याचा राग आला नाही. मामाने शपथ घातली तर भाचा काय करणार? आणि तेव्हापासून माझ्या घरात पाऊल टाकलं की त्याला घाम का फुटायचा, चहाला का थांबवत नव्हतं, तेही कळलं. तो लपवत होता हे मी बरोबर ओळखलं होतं. काय लपवतो ते चुकीचं ओळखलं.

राग आला तो तुमचा. कशाचा ते सांगते. हे गेले त्या दिवशी तुम्ही माझा हात हातात घेऊन बसला होता. तुम्ही म्हणालात, "त्याला काही कळलंसुद्धा नाही गं. दाढी करता करता गेला. भाग्यवान." आठवतं? मी ते वाक्य धरून ठेवलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला मीच सांगत होते, त्यांना काही कळलं नाही हो. सकाळी उठताना स्वतःला सांगत होते. इतके महिने त्या एका वाक्यावर उभी होते मी. आणि ते तुम्ही मला बनवून दिलं होतं.

तुम्ही म्हणाल, तुला त्रास नको म्हणून त्याने सगळं केलं. कबूल आहे. बायको एकटी पडल्यावर तिला जास्त कर पडू नये म्हणून जो माणूस तीन वर्षं आधीपासून भरत बसतो, त्याच्या मायेबद्दल शंका घेण्याइतकी मी वेडी नाही. पण वन्सं, मला तो त्रास हवा होता. माझ्या वाटणीचा होता तो. डॉक्टरांच्या खोलीबाहेरच्या बाकावरची जागा माझी होती आणि तिथे तुम्ही बसलात. जिन्यात हे थांबायचे तेव्हा मी पुढे निघून जायची आणि वरून ओरडायची, "झालं का बांधून?" मला माहीत असतं तर मीही थांबले असते. काही न विचारता, दर मजल्यावर.

चौथ्या भागाच्या कागदावर मी सही केली आहे. माझ्या पेनने. आधी सगळं वाचलं, बारीक अक्षरासकट, आणि तोवर तुमच्या मुलाला चहा पीत बसवून ठेवलं. दोन कप झाले. दोघांच्या रकान्यात खूण केली तेव्हा हात जरा थांबला, पण केली. कर भरला. पैशाबद्दल तुमच्या घरावर माझा कसलाही संशय उरलेला नाही, हे लेखी देते.

दुसरा एक उरला आहे. तो काही केल्या जात नाही. 'तिला सांगू नका, तिला झेपायचं नाही,' हे पहिल्यांदा कोण बोललं? हे की तुम्ही? हे बोलले असतील तर मला त्यांच्याशी कडाकडा भांडायचं आहे, आणि ते भांडण आता मी कुठे नेऊ? तुम्ही बोलला असाल तर निदान समोर कुणीतरी आहे. तुमच्या मुलाला हे विचारलं नाही मी. त्याने मला बरं वाटेल ते सांगितलं असतं, आणि मग मी जन्मभर विचार करत बसले असते की खरं आहे का. तुमच्याकडूनही बरं वाटेल असं काही मिळेल या आशेने लिहीत नाही. तुम्ही खोटं बोलू शकता हे मला आता माहीत झालं आहे, म्हणून समोरासमोर विचारायचं आहे. बोलताना तुमच्या तोंडाकडे बघायचं आहे.

तेव्हा तुम्ही या. गुडघे दुखत असतील तर तुमचा मुलगा घेऊन येईल, मी त्याला सांगितलं आहे. त्या शनिवारांचं जे काही तुमच्याकडे आहे, ते माझं आहे, आणि ते मला परत हवं आहे. डॉक्टर काय म्हणाले आणि त्यावर हे काय म्हणाले. घाबरले का. घाबरले तर कुणाला दाखवलं. परतीच्या बसची वाट बघताना गप्प असायचे की माझ्याबद्दल काही बोलायचे. वाईट वाटेल म्हणून गाळू नका. बरं वाटावं म्हणून भरही घालू नका. मागून घातलेली भर मला बोट लावताच कळते, तो माझा धंदा आहे.

नुसतं रडायला येणार असाल तर येऊ नका. रडणं माझ्याकडे पुरेसं आहे. सांगायला या. तुम्ही आलात तर मी दार उघडीन. त्यापुढचं वचन आज देत नाही.

तुमच्या पत्राची नव्हे, तुमची वाट बघणारी,

यांची बायको